सभासद क्रमांक ११४

"मावशी, आजोबांनी लिहिलेला तो डेअरीचा प्रोग्राम चालू करून दाखव ना," असं भाचा दिवाळीत म्हणाला आणि मी माळ्यावरची सीडी काढली. तो अकरावीला आहे, पायथन शिकतोय, आणि आपल्या घरात १९९५ साली कुणीतरी प्रोग्राम लिहीत होतं याचं त्याला फार अप्रूप आहे. सीडीवर चार फाइली निघाल्या. दूध३, दूध४, दूध५, दूध६. पहिल्या दोन आवृत्त्या कधीच हरवल्यात. चालवायच्या आधी या चौघींत फरक काय ते बघावं म्हणून मी त्या घिड्रामध्ये, म्हणजे तयार प्रोग्रामच्या आतल्या सूचना उलगडून दाखवणाऱ्या साधनात, उघडल्या आणि रात्री अकराच्या सुमारास, फराळाची ताटली मांडीवर असताना, दूध४ मधल्या एका ओळीवर थबकले. तिथं सभासद क्रमांकाची एका ठरावीक आकड्याशी तुलना केलेली होती. हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीत मोजायच्या यंत्राच्या आकड्यांत, ७२. म्हणजे आपले ११४. सभासद ११४ नंबरचा असेल तर पेंडीची कपात करू नकोस, असं बाबांनी यंत्राला सांगून ठेवलं होतं.

दुसऱ्या कुणासाठीही असं काही नव्हतं.

आमचं गाव कराडपासून अर्ध्या तासावर. डेअरी म्हणजे ग्रामपंचायतीच्या मागची दोन खोल्यांची इमारत, पुढे पत्र्याचा मांडव. पहाटे साडेपाचपासून माणसं किटल्या, कळशा घेऊन रांगेत उभी असायची. पुढच्या खोलीत माप आणि कॉम्प्युटर, मागच्या खोलीत फॅट काढायचं काम. आंबलेल्या दुधाचा वास तर सगळीकडेच, पण मागच्या खोलीचा एक वेगळा वास होता. काचेच्या नळीत १० मिली सल्फ्युरिक आम्ल, त्यावर हळूच १०.७५ मिली दूध, मग १ मिली अमाइल अल्कोहोल. ते मिसळलं की नळी हाताला चटका बसेल इतकी तापायची आणि त्या अल्कोहोलचा गोडसर, घशात बसणारा वास यायचा. मला तो वास आजही कुठं आला तर खोकला येतो आणि त्याच क्षणी घरी आल्यासारखंही वाटतं. पुढच्या खोलीत डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची करकर. आणि त्या सगळ्यातून, दर पंधरा-वीस सेकंदांनी, एक आवाज. टूंऽऽ. सभासद क्रमांक आणि लिटर टाकून एंटर मारलं की कॉम्प्युटर असा वाजायचा. बाबांनी मुद्दाम ठेवला होता तो आवाज. रांगेतल्या निम्म्या लोकांना पडद्यावरचं वाचता येत नव्हतं, पण टूं वाजलं म्हणजे आपलं दूध लिहिलं गेलं, एवढं प्रत्येकाला ठाऊक होतं. आवाज झाल्याशिवाय कुणी किटली उचलत नसे.

बाबा हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायचे. डेअरीनं १९९५ मध्ये एक ४८६ कॉम्प्युटर घेतला आणि तो चालवणार कोण असा प्रश्न आल्यावर बाबांनी तालुक्याच्या क्लासला जाऊन टर्बो पास्कल शिकून घेतलं. टर्बो पास्कलची सातवी आवृत्ती, १९९२ ची. निळ्या पडद्यावर पिवळी अक्षरं, आणि लिहिलेलं यंत्राच्या भाषेत नेणारा कंपायलर इतका चपळ की कळ दाबेपर्यंत ईएक्सई, म्हणजे थेट चालणारी फाइल, तयार. बाबा रात्री जेवण झाल्यावर डेअरीत जायचे आणि अकरा-बारापर्यंत बसायचे. त्यांनी एक गोष्ट सोपी म्हणून केली जी पुढं मला फार पुरली: दरपत्रक वेगळ्या फाइलीत न ठेवता थेट प्रोग्राममध्येच लिहिलं. म्हशीच्या दुधाला ५ ते १० फॅट, पॉइंटा-पॉइंटानं ५१ दर. दूध संघानं दर बदलले की बाबा प्रोग्राममध्ये नवे आकडे भरायचे, जाता जाता आणखी काही सुधारायचे, आणि नवी ईएक्सई काढायचे. म्हणून दूध१, दूध२ अशा आवृत्त्या. फाइलींवरच्या तारखा सांगतात की दूध४ जून १९९६ ची आहे, दूध५ फेब्रुवारी १९९७ ची आणि दूध६ नोव्हेंबर १९९७ ची. त्यानंतरच्या पावसाळ्यात सोर्स, म्हणजे बाबांनी लिहिलेला मूळ मजकूर, ज्यांवर होता त्या फ्लॉप्यांना बुरशी लागली. आमच्याकडचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. चकतीवर पांढरे ठिपके दिसायचे आणि ड्राइव्ह नुसता खरखर करत राहायचा. बाबांनी कापसानं पुसून पाहिलं, उन्हात ठेवून पाहिलं. प्रोग्राम राहिला, पण तो ज्या शब्दांत लिहिला होता ते शब्द गेले.

मग २००० साली डेअरीनं नवा कॉम्प्युटर घेतला. मी तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंगला होते. बाबांचा फोन आला, आवाजात एक असहायपणा होता जो मी त्यांच्याकडून कधी ऐकला नव्हता. "चालूच होत नाही गं. रनटाइम एरर २०० म्हणतंय. माझी एक ओळसुद्धा चालायच्या आधी." पुस्तकात २०० चा अर्थ होता, शून्यानं भागाकार. बाबांना ते फार लागलं होतं, कारण त्यांनी कुठंही शून्यानं भागलेलं नव्हतं, आणि ते बरोबरच होतं. मी सदाशिव पेठेतल्या एका सायबर कॅफेत बसून शोधलं तेव्हा कळलं की जगभरात हजारो लोकांच्या हजारो प्रोग्रामना त्या काळात हाच ताप आला होता. टर्बो पास्कलचा क्रट नावाचा एक भाग आहे, पडदा, कळफलक, आवाज सांभाळणारा. प्रोग्राम सुरू होताच तो स्वतःच्या मनाशी एक मोजणी करतो. कॉम्प्युटरचं घड्याळ सेकंदाला सुमारे १८.२ वेळा टिकटिकतं, म्हणजे एक टिक साधारण ५५ मिलिसेकंदांची. त्या एका टिकेत आपला रिकामा फेरा किती वेळा फिरतो ते मोजायचं आणि त्याला ५५ नं भागायचं, म्हणजे एका मिलिसेकंदाला किती फेरे ते समजतं. पुढं "२०० मिलिसेकंद थांब" म्हटलं की तितके फेरे मारत बसायचं. हा भागाकार १६ बिटांत मावला पाहिजे, ६५,५३५ च्या आत. मशीन इतकं वेगवान झालं की एका टिकेत ३६ लाखांहून जास्त फेरे व्हायला लागले, तर उत्तर मावत नाही, आणि न मावणाऱ्या उत्तरासाठी प्रोसेसर तीच धोक्याची घंटा वाजवतो जी शून्यानं भागल्यावर वाजते. ज्यांनी १९९२ मध्ये ते लिहिलं त्यांच्यासमोर तेवढी वेगवान मशीन नव्हतीच. बाबांना मी हे फोनवर समजावलं तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "म्हणजे चूक वेगाची आहे."

सोर्स असता तर दुरुस्त केलेला क्रट घालून पुन्हा कंपाइल केलं की झालं. सोर्स नव्हता. म्हणून सुट्टीत घरी गेल्यावर मी दूध६ ची ईएक्सई थेट उघडली. साधन म्हणजे डॉसमधला डीबग. तो ईएक्सई फाइल पुन्हा लिहू देत नाही, म्हणून आधी फाइलीचं नाव बदलायचं, बदल करायचा, परत नाव द्यायचं. आत शोधायचे होते बी९ ३७ ०० आणि त्याला लागून एफ७ एफ१. बी९ ३७ ०० म्हणजे "५५ हातात घे", आणि एफ७ एफ१ म्हणजे "त्यानं भाग". हेक्समधले ३७ म्हणजे आपले ५५. मी ३७ च्या जागी एफएफ लिहिलं, ५५ च्या जागी २५५. एक बाइट. बाबा शेजारी खुर्चीवर बसून चष्मा कपाळावर सारून बघत होते. एंटर मारला आणि त्यांचा तो जुना पडदा, वर डेअरीचं नाव, खाली सभासद क्रमांकाची चौकट, जशीच्या तशी समोर आली. मला वाटलं ते खूश होतील. त्यांनी एक नोंद टाकून बघितली आणि लगेच म्हणाले, "आवाज कापला गेलाय."

आवाज खरंच कापला गेला होता. मोठ्या आकड्यानं भागल्यामुळं कॉम्प्युटरला वाटायचं की आपण हळू आहोत, आणि २०० मिलिसेकंदांचं थांबणं ४३ वर आलं. टूंऽऽ चं टिक् झालं. मला तेवढ्यानं काही बिघडलंसं वाटलं नव्हतं, पण दुसऱ्या दिवशी पहाटे मी रांगेजवळ उभी राहिले तेव्हा पाहिलं की लोक किटली उचलत नाहीयेत. वाट बघतायत. एका आजोबांनी विचारलं, "लिवलं का?" त्या दिवशी दुपारी बसून मी तो आवाज वाजवणारी जागा शोधली आणि २०० च्या जागी ९२७ घातले. ५५ ला २५५ केलं की २०० ला ९२७ करावं लागतं, साधी त्रैराशिकाची गोष्ट. पुढं २००३ मध्ये आणखी वेगवान मशीन आलं आणि तीच एरर परत आली, तेव्हा २५५ चे १००० केले आणि ९२७ चे ३,६३६. प्रत्येक वेळी ती टूं पुन्हा मोजून बसवावी लागली. माझ्या आयुष्यातला पहिला खरा पॅच, म्हणजे तयार फाइलीत केलेली दुरुस्ती, कुठला असं कुणी विचारलं तर मी हा दुसरा सांगते, आवाजाचा.

दर बदलायचे तेव्हाही मीच. टर्बो पास्कलमध्ये रिअल, म्हणजे अपूर्णांक चालणारा, आकडा ६ बाइटांचा असतो, ४८ बिटांचा, पुढं कुणी फारसा न वापरलेला. १० रुपये म्हणजे ८४ ०० ०० ०० ०० २०. साडेआठ रुपये म्हणजे ८४ ०० ०० ०० ०० ०८. दोन्हींत फरक फक्त शेवटच्या बाइटचा. हे मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी बराच वेळ नुसती बघत बसले होते. लिटरमागं दीड रुपया म्हणजे आमच्या गावात एखाद्या घरी महिन्याचं किराणा बिल, आणि तो इथं ०८ आणि २० या दोन जोड्यांमधल्या अंतरात बसलेला. ५१ दर, ३०६ बाइट. मी एक छोटासा प्रोग्राम लिहून नवे दर ६-६ बाइटांत करून घ्यायचे आणि दूध६ मध्ये ठरलेल्या जागी बसवायचे. कुठल्या बाइटपासून काय सुरू होतं त्याच्या नोंदी एका दोनशे पानी वहीत आहेत, वहीच्या मागच्या बाजूनं लिहिलेल्या. पाच वर्षं असं चाललं. २००५ च्या सुमारास संघाकडून नवी यंत्रं आली, दूध ओतलं की वजन, फॅट, बिल सगळं आपोआप, आणि दूध६ बंद झाला. या सगळ्या काळात मी फक्त दूध६ च उघडत होते. दूध४ आणि दूध५ कडं वळून बघायचं काही कारणच पडलं नाही.

आता माझी नोकरी याच कामाची आहे. एखाद्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की जुनी आणि नवी शेजारी ठेवायची आणि नक्की काय बदललंय ते शोधायचं. नव्या मुलांना शिकवताना मी गावाचं उदाहरण देते. ऑफसेट, म्हणजे फाइलीत सुरुवातीपासून कितवा बाइट, हा घर नंबर. एखादी नवी ओळ वरती घातली की खालचे सगळे घर नंबर सरकतात, आणि आधीच्या आवृत्तीतला ठरलेला पत्ता घेऊन गेलं तर भलत्याच्याच दारात उभं राहावं लागतं. पण आमच्या गावात घर नंबरावर कुणी घर शोधतं का? मारुतीच्या देवळावरून डावीकडं, गिरणीच्या पुढं, दारात शेवगा आहे ते. तसंच बायनरीत, म्हणजे कंपाइल झालेल्या फाइलीत. जागा शोधायची ती शेजाऱ्यांवरून. मी १९९७ च्या फाइलीत बी९ ३७ ०० शोधत होते तेव्हा नकळत हेच करत होते. टर्बो पास्कल तर त्या बाबतीत फार सोयीचा, त्याचा प्रत्येक भाग आपापल्या वेगळ्या सेगमेंटमध्ये राहतो. मुख्य प्रोग्राम वाढला की क्रटचं अख्खं घर उचलून पुढं ठेवलं जातं, आतल्या खोल्या तशाच. त्यामुळं एरर २०० सोबत जो पत्ता यायचा, त्याचा पहिला भाग आवृत्तीगणिक बदलायचा आणि दुसरा तोच राहायचा.

हे सरकणं किती महाग पडतं ते गूगलच्या क्रोम ब्राउझरच्या लोकांनी मोजून दाखवलंय. त्यांच्या एका अपडेटमध्ये अख्खी फाइल १,०३,८५,९२० बाइटांची होती. बीएसडिफ या नेहमीच्या पद्धतीनं काढलेला फरक ७,०४,५१२ बाइट भरला. मग त्यांनी २००९ मध्ये कुर्जेट नावाची पद्धत आणली, तिनं आधी सगळे पत्ते काढून त्यांना खुणांची नावं दिली आणि मग तुलना केली. फरक उरला ७८,८४८ बाइट. खरा बदल तेवढाच, बाकीचे सगळे नुसते सरकलेले घर नंबर. आणि याच्या नेमकी उलट गोष्ट २०१७ च्या नोव्हेंबरात घडली, तिच्याबद्दल मी आजही कुणालाही उत्साहानं सांगते. मायक्रोसॉफ्ट ऑफिसमधल्या गणिती सूत्रं लिहायच्या जुन्या इक्वेशन एडिटरमध्ये सुरक्षेचं एक भगदाड सापडलं होतं आणि त्याची दुरुस्ती आली. अशा दुरुस्त्यांवर काम करणाऱ्या झीरोपॅचच्या मंडळींनी जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवली, तर प्रत्येक फंक्शन अगदी आपल्या जुन्याच पत्त्यावर. एकही घर सरकलेलं नाही. पुन्हा कंपाइल केल्यावर असं होणं जवळपास अशक्य. म्हणजे कुणीतरी २००० सालच्या त्या ईएक्सईमध्ये थेट हात घातला होता, बाइट मोजत, एका ठिकाणचा कोड आखडून जागा काढत, तिथं लांबीची तपासणी बसवत. फाइलीचा आवृत्ती क्रमांक २०००.११.९.० होता तो २०१७.८.१४.० झाला. दोन महिन्यांनी, २०१८ च्या जानेवारीत, तो एडिटर ऑफिसमधून काढूनच टाकला. ते काम ज्यानं केलं त्याचं नाव मला ठाऊक नाही, पण डीबगसमोर बसलेली ती वीस वर्षांची मी त्याला ओळखते.

तर ११४.

दूध३ मध्ये ती तुलना नाही. दूध४ मध्ये आहे, दूध५ मध्ये आहे. दूध६ मध्ये नाही. म्हणजे जून १९९६ ते नोव्हेंबर १९९७, सतरा महिने. हेक्स एडिटरमध्ये बघितलं तर ८३ ३ई, मग पत्त्याचे दोन बाइट, मग ७२, मग ७५. उजवीकडच्या स्तंभात, जिथं बाइट अक्षरांसारखे दिसतात, तिथं ७२ चं 'आर' आणि ७५ चं 'यू' दिसतं, दोन रोमन अक्षरं, काहीही अर्थ नसलेली. ७५ म्हणजे "जुळलं नाही तर पुढं उडी मार". ही उडी बाकीच्या सगळ्या सभासदांना कपातीकडं नेते. पेंड उधारीवर मिळायची, पोती नावावर लिहिली जायची आणि दहा दिवसांच्या बिलातून थोडी थोडी वळती व्हायची. ११४ साठी ते वळतं करणं वगळलेलं. मी पुढं वाचत गेले. उधारी माफ केलेली नव्हती, बाकी तशीच पुढच्या बिलात जात होती. फक्त त्या बिलात हात घालायचा नाही. आणि आणखी एक: बाकीच्यांच्या बिलावर कपात नसली तरी "पेंड कपात ०.००" अशी ओळ छापली जायची. ११४ च्या बिलावर ती ओळच नाही.

या न छापलेल्या ओळीनं मला जास्त छळलं. बाबा शाळेतला खडूचा तुकडासुद्धा खिशात राहिला तर दुसऱ्या दिवशी परत नेऊन ठेवायचे. संस्थेच्या पैशाबाबत तर ते इतके काटेकोर की आमच्या स्वतःच्या दुधाला एकदा फॅट जास्त लागली म्हणून त्यांनी पुन्हा काढायला लावली होती, आईचा रुसवा पत्करून. अशा माणसानं एका सभासदाला गुपचूप सवलत द्यावी, आणि ती कागदावर दिसू नये अशी व्यवस्था करावी? संचालक मंडळाचा ठराव असेल तर ठीक, पण मग ओळ का लपवायची? की लपवली ती दुसऱ्याच कारणानं? आमच्याकडं बिल हातात पडलं की शेजारचा ते वाचतो, मोठ्यानं वाचतो, ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवतो. "पेंड कपात ०.००" हे रांगेत मोठ्यानं वाचलं गेलं असतं, आणि उधारी असून कपात शून्य कशी, ही चर्चा संध्याकाळपर्यंत चावडीवर पोचली असती. ओळच नसेल तर चर्चा नाही. मी एकदा असा विचार करते आणि मला बाबांचा अभिमान वाटतो. पुन्हा वाटतं, मी वकिली करतेय.

डेअरीचे त्या वेळचे सचिव आता मुलाकडं कराडला असतात. त्यांना फोन केला. त्यांना आधी प्रश्नच कळेना, मग म्हणाले, "११४? ते नमुन्याचं खातं असंल गं. बाटल्यांतलं नमुन्याचं दूध राहायचं, ते संस्थेच्याच नावानं घालायचो. त्याच्यावर कधी पेंड चुकून पडायची, म्हणून सरांनी कपात बंद केली असंल." अगदी पटण्यासारखं. संस्थेच्या स्वतःच्या खात्याला कसली आली कपात, आणि कसली आली ती ओळ? मी फोन ठेवला तेव्हा मला हायसं वाटलं, आणि त्याच वेळी काहीतरी हातातून गेल्यासारखंही. मग लक्षात आलं, नमुन्याचं खातं पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत होतं. ते असतं तर तपासणी दूध६ मध्येही राहिली असती. सतराच महिने का? पण त्यालाही उत्तर असू शकतं, दूध६ मध्ये बाबांनी ते दुसऱ्या कुठल्या तरी रीतीनं सोडवलं असेल. मी शोधलं. असं काही सापडलं नाही, पण सापडलं नाही म्हणजे नाहीच असं आमच्या धंद्यात कुणी म्हणत नाही.

आईला विचारलं तेव्हा ती लसूण सोलत होती. क्रमांक तिला सांगून उपयोग नव्हता, आमच्या घरात आमचा स्वतःचा क्रमांकही तिला कधी पाठ नव्हता. मी म्हटलं, शहाण्णव-सत्त्याण्णव साली कुणाला फार अडचण होती का, बाबा कुणाबद्दल काही बोलले होते का. तिनं हात थांबवला नाही. "वडाच्या मळ्याकडची असंल. तिचा दादला गेला त्या वर्षी. दोन म्हशी आणि तीन पोरी." मग थोड्या वेळानं, "पण तुझे बाबा घरी डेअरीचं काय बोलत नसत." एवढंच. वडाचा मळा म्हणजे ओढ्यापलीकडचा, वड आता तोडलाय, रस्ता रुंद झाला तेव्हा. ती बाई आहे की नाही हे आईला माहीत नव्हतं, पोरी लग्न होऊन गेल्या एवढं माहीत होतं. डेअरीचं जुनं दप्तर, ठरावाची वही, सभासद रजिस्टर, नव्या इमारतीत जाताना कुठं गेलं ते कुणालाच सांगता येत नाही.

कंपायलर हे सगळं फेकून देतो. त्याला कुणी दुष्ट म्हणू नये, त्याचं कामच ते. व्हेरिएबलची नावं जातात, टिपा जातात. बाबा महिरपी कंसात मराठीत टिपा लिहायचे, रोमन लिपीत, मी त्या त्यांच्या पडद्यावर पाहिल्या होत्या. "हे संघाच्या परिपत्रकाप्रमाणे." "इथे पूर्णांक करू नये, शेतकऱ्याचं नुकसान होतं." या तपासणीच्या वरही नक्की एक टीप असणार, एका ओळीची, आणि ती बुरशीत गेली. आपल्या कॉपीराइट कायद्याचं ५२ वं कलम रीतसर हाती आलेल्या प्रोग्रामचं निरीक्षण, अभ्यास, चाचणी करून त्यामागची तत्त्वं समजून घ्यायला मुभा देतं. नोकरीत मी त्या कलमाचा आधार कितीदा घेतलाय. इथं माझ्याच बाबांची फाइल, आणि तरी त्या रात्री मला त्यांच्या सदऱ्याच्या खिशात हात घातल्यासारखं वाटलं. त्यांना जाऊन आता सहा वर्षं झाली. शेवटच्या वर्षात ते फार कमी बोलायचे, पण विचारलं असतं तर सांगितलं असतं. विचारायला मला तो आकडा तेव्हा माहीत हवा होता.

भाऊबीजेला भाच्यासाठी दूध५ डॉसबॉक्समध्ये चालू केला. डॉसबॉक्स जुन्या संथ मशीनचं सोंग घेतो, त्यामुळं ५५ नं केलेला तो भागाकार मुकाट्यानं पार पडतो, पॅचची गरज लागत नाही. दूध५ ला मी कधी हातही लावलेला नव्हता. भाच्यानं सभासद क्रमांक १ टाकला, ४ लिटर, एंटर. टूंऽऽ. पूर्ण २०० मिलिसेकंद, बाबांनी लिहिले तेवढे. मी इतकी वर्षं त्रैराशिकं मांडून जो आवाज बसवत होते त्यापेक्षा हा किंचित वेगळा होता, की मलाच तसं वाटलं. स्वयंपाकघरातली भांड्यांची खळखळ थांबली आणि परत सुरू झाली. भाचा आणखी नोंदी टाकत राहिला, त्याला आवाजाचीच मजा येत होती. मग मी त्याच्याकडून लॅपटॉप घेतला. ११३ आणि ११४, दोघांच्या नावावर एकेक पोतं पेंड, दोघांचं सारखंच दूध, सारखीच फॅट. बिलं काढली. ११३ च्या बिलात कपात होती. ११४ च्या बिलात फॅटनंतर थेट "देय रक्कम".

"याचं वेगळं का?" भाच्यानं विचारलं. मी म्हटलं, आजोबांनी तसं लिहिलंय.

रात्री घिड्रा पुन्हा उघडलं. त्यात प्रत्येक ओळीशेजारी आपली टीप लिहायची सोय असते. दूध४ मधल्या त्या तुलनेसमोर मी सचिव काका म्हणाले ते लिहिलं, "नमुना खातं". मग पुसलं नाही, त्याखाली दुसरी ओळ घातली, "वडाच्या मळ्याकडची?" आणि दूध५ मध्येही तेच. फाइल सेव्ह करून सीडीसोबत ती दोनशे पानी वहीही भाच्याच्या बॅगेत ठेवली.